हात जुळत नाहीत

आप्पा, मुकादम नक्की काय काम करतो हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर समजलं, आणि तेही बांधकामावर नाही, प्रयोगशाळेत. लहानपणी धायरीच्या साईटवर तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा वाटायचं, गवंडी वीट लावतो, बाया घमेली उचलतात आणि आमचे आप्पा नुसते ओरडतात. एकदा तसं तोंडावर म्हणालेही. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मी नसलो तर ह्ये लोक भिंत बांधत जातील पार सिंहगडापातुर. पुरं म्हननारा बी लागतो की." गवंडी हसले, मीही हसले.

सध्या मी ज्या प्रथिनांवर काम करते ती तुमच्याच धंद्यातली आहेत. कातडीतल्या पेशींच्या मधल्या जागेत राहतात, पण भार घेत नाहीत की धागा विणत नाहीत. पेशींना फक्त सांगतात, आता भरा, आता पुरे. मॅट्रिसेल्युलर म्हणतात त्यांना. या नावावर तुम्ही दोन शब्द नक्की सुनावले असते. जखम झाली की ती कामावर येतात, भरली की निघून जातात. पण स्क्लेरोडर्मा या आजारात शरीराची राखण शरीरावरच उलटते आणि हे मुकादम जखम नसताना 'भरा, भरा' करत बसतात. कातडी दाट होते, आवळते, लाकडासारखी होते. त्यांना गप्प करणारं औषध शोधायचं हा आमचा खटाटोप. तेही सरसकट नाही, नाहीतर साधं खरचटलेलंही भरायचं नाही. अजून सगळं काचेच्या बशीत आणि उंदरांवर आहे.

तुमची बोटं थंडीत आधी पांढरी पडायची, मग निळी. तरुणपणी खडीच्या मशिनवर खाल्लेली धूळ त्याला कारण असू शकते, हे आता ठाऊक आहे. तेव्हा आई म्हणायची, गार पाण्यात हात घालू नका. मग चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या. हडपसरची आत्या म्हणाली, "दादा, वय उतरलं की रं तुझं!" आणि आम्ही सगळे खूश. आजार घरात येऊन बसला होता आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो. त्याचं नाव कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मी दहावीत असताना शाळेच्या बक्षीस समारंभाला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. माझ्या बाईंनी पुढे होऊन हात जोडले. तुम्ही हात खाली सोडून तसेच उभे, नुसती मान हलवलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षात बसल्या बसल्या मी फाडफाड बोलले, "साधा नमस्कार नाही करता आला? कोण समजता स्वतःला?" तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "हात जुळत न्हाईत, पोरी." आपल्याकडे त्याचा जो अर्थ होतो तोच मी घेतला. या बाईंपुढे हात जोडावेत असं तुम्हाला वाटत नाही! आठ दिवस मी अबोला धरला. तुम्हीही खुलासा केला नाहीत. दोन वर्षांनी श्वास पुरेनासा होऊन तुम्ही गेलात, तोवर हा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या आठवड्यात कातडीचे नमुने आणायला रुग्णालयात गेले होते. तिथल्या डॉक्टर तपासायला आलेल्या एका बाईंना म्हणाल्या, "नमस्कार करा बघू." मला वाटलं, चेष्टा करतायत. बाईंनी सगळा जीव एकवटून हात जवळ आणले. बोटं आखडलेली, तळवे काही टेकेचनात. मधे एवढी फट राहिली की पलीकडची खिडकी दिसत होती. डॉक्टरांनी ती फट मोजली. तपासणी असते ती, आप्पा. मी पुस्तकात वाचलीही होती, आणि वाचताना मला तुम्ही आठवला नव्हतात. मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. नमुन्यांचा डबा मांडीवर तसाच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. रिक्षातल्या बोलण्याची माफी मागते, पण ती मागणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं होतं, "काल आले होते ते वडील का गं तुझे?" मी म्हणाले, "नाही बाई, शेजारचे काका."