नारळाची तारीख, कात्रीची तारीख

बाबा, आजच छाटणी उरकली, म्हणून लिहायला बसले. मला कागद भरायची हौस नाय, आठवीतच सवय सुटली. तुमचा तो तक्ता कॉम्प्युटरवर अजून चालतो, एवढंच सांगायचंय.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर तुम्ही नाशकात कॉम्प्युटरचा क्लास लावलात, तेव्हा सगळे हसले. मीपण हसले. मग इथं निफाडला येऊन माझ्या द्राक्षबागेचा तक्ता केलात. छाटणीची तारीख टाकायची, की माल कधी गोड होणार ते खाली येतं, त्यावर तोडणीला सुरगाण्याच्या मजूर बायांची टोळी बोलवायची. पहिल्याच वर्षी मी तारीख टाकली नारळाची. चांगला दिवस बघून आपण नारळ फोडतो, एका वेलीला कात्री लावतो, आणि खरी छाटणी होते आठ-दहा दिवसांनी. पण कोणी विचारलं तर जो तो नारळाचाच दिवस सांगतो. तक्त्यानं गपगुमान घेतला. टोळी जीप भरून आली, आणि माल आंबट! त्यांच्यातली म्हातारी एक मणी चावून म्हणाली, "वहिनी, लोणच्याला बोलवलं का आम्हाला?" हसत हसत सगळ्या दुसऱ्याच्या बागेत गेल्या. माल गोड झाला तेव्हा तोडायला माणूस मिळेना, निम्मे घड वेलीवरच सुकले.

तुम्ही ओरडला नाय. गावातल्या जुन्या बागवाल्यांना गाठून विचारत बसलात, कुठं चुकतं, तुम्ही कसं ओळखता. मला वाटलं, म्हाताऱ्याला उद्योग नाय. दिवाळीनंतर दुरुस्त केलेला तक्ता फ्लॉपीत घालून घेऊन आलात. मी भाकरी थापतेय, तुम्ही हाक मारताय, मी पिठाच्या हातानंच तारीख टाकते. पडद्यावर येतं, "थांब. ही नारळाची का कात्रीची?" मग, "मधे पाऊस झाला का?" मग, "बागेचे दोन्ही तुकडे एकदमच छाटले का?" माझं डोकं फिरलं.

"बाबा, हे मशीन हाय का सासू?"

"बाई, नुसता तक्ता जे घालशील ते गिळतो. त्याच्या शेजारी जाणती माणसं बसवलीत मी."

"मला आठवीतनं काढलं नसतं तर बसवायला लागली नसती."

बोलले ते बोलले. खरंच होतं, आजपण म्हणेन. तव्यावरची भाकरी करपली तरी तुम्ही पडद्याकडंच बघत होतात. मग म्हणालात, "तेव्हा मला थांब म्हणणारं कोणी नव्हतं." तीच करपलेली भाकरी खाल्लीत आणि एस्टीनं गेलात. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी दुसरी भाकरी थापत राहिले.

तोडणीच्या आधीच तुम्ही कायमचे गेलात. त्या वर्षी टोळी बरोबर दिवशी आली. म्हातारी मणी खाऊन म्हणाली, "आता जमलं, वहिनी." मी तुमचं नाव सांगितलं तिला. तुम्हाला कोण सांगणार?

पोरगा परवा म्हणाला, "आई, ते प्रश्न काढून टाकू. तुला सगळं पाठ झालंय." म्हटलं, "तुझं काय खातंय ते? राहू दे."

हा कागद कुठं धाडायचा नाय, पिठाच्या डब्याखाली ठेवते. खरं सांगू? कात्रीची तारीख मला पाठच असते. तरी दरवर्षी आधी नारळाचीच टाकते. "थांब" येतं. ते वाचते, जरा बसते, मग खरी टाकते.