मोडलेली बरगडी

ताईस धाकटीचा नमस्कार. या वेळी नुसता कागदावरूनच, कारण वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

काळजी करू नकोस, मी बरी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

मागच्या आठवड्यात इथे मुलाच्या घरी पाण्याची बादली उचलताना माझी बरगडी मोडली. ना पडले, ना आपटले. दवाखान्यात नर्सने मुलाला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "घरी कुणी मारतं का?" मी म्हटलं, "बाई, मारायला तरी माणसाला जवळ यावं लागतं." वर्षभर माझी पाठ दुखतेय, आणि हा दारातूनच "वय झालं आई" म्हणून कामाला जातो. मग दवाखान्यातल्यांनी त्यालाही खोदून खोदून विचारलं.

रक्त-लघवी तपासली, त्यात नको ते प्रोटीन सापडलं. फोटोत हाडांना भोकं दिसली, वाळवी लागल्यासारखी. शेवटी कमरेच्या हाडात सुई घालून आतला गर काढला. तेव्हा मात्र आई आठवली गं. आजाराचं नाव मायलोमा, हाडांच्या गरात वाढणारा रक्ताचा कॅन्सर. औषधं आहेत म्हणतात.

हे सांगताना डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली गेला. माझ्या मुलाने मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. म्हणाला, "म्हणजे मी मारलं नाही, हे आता पटलं ना तुम्हाला?"

त्या माझे रिपोर्ट परत चाळू लागल्या. मीच म्हटलं, "पटलं रे बाबा."

गुडघ्याचं कळव. आणि दुखलं की घर डोक्यावर घेत जा, माझ्यासारखी गप्प बसू नकोस.

तुझी,
शहाणी धाकटी