बारा व्होल्टचा उजेड

६ जानेवारी, सोमवार

आले एकदाची! पळसदरी स्टेशनावरून बॅग ओढत चालत आले. वाटेत धरणाचं पाणी चमकत होतं, आणि किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला. खोपोलीकडचा कारखाना बंद पडल्यापासून आठ महिने घरी बसून होते. मालतीबाईंचा फोन आला नसता तर अजून बसलेच असते. बाईंनी मला शाळेत विज्ञान शिकवलं. सातवीत सेल आणि बल्ब जोडून दाखवला तो त्यांनीच. मी आयटीआयला वायरमन व्हायचं म्हटल्यावर घरी सगळे हसले होते, तेव्हा फॉर्मवर सहीला बाईच आल्या.

आता त्या निवृत्त होऊन कर्जतला असतात आणि इथे त्यांची अर्ध्या एकराची बाग आहे. मी बाग सांभाळायची, रोपांची विक्री बघायची आणि दोन खोल्यांच्या घरात राहायचं. "भाग्यश्री, हे घर तुझंच समज," म्हणाल्या. आंब्याच्या गच्च सावलीत उभ्या होत्या, तरी छत्री उघडलेलीच. उन्हाने अंगावर पुरळ उठतं म्हणे. फार वाळल्या आहेत.

७ जानेवारी

आज बागेच्या टोकाची शेड पाहिली. पत्र्याची, एक दार, एक वीतभर उघडणारी खिडकी. कुदळी, झाऱ्या, शेणखताची पोती, कुंड्यांची चळत, आणि भर दुपारी आत काळोख. संध्याकाळी रोपांच्या पिशव्या भरायच्या तर आत उजेड हवाच. विजेचा खांब रस्त्यापलीकडे आहे, तिथून तार आणायची तर वर्ष जाईल.

मी म्हटलं, बाई, वीज कशाला हवी? उन्हावर करू. खालापूरच्या दुरुस्तीवाल्याकडे कोपरा तडकलेलं चाळीस वॅटचं पॅनेल आहे, चालू स्थितीतलं. कुठल्यातरी ऑफिसच्या यूपीएसमधली जुनी बॅटरी, छोटा चार्ज कंट्रोलर, बारा व्होल्टचे दोन बल्ब, फ्यूज. झालं.

बाईंचा चेहरा एवढा फुलला! शेडजवळ मात्र आल्या नाहीत. पहिला दिवा मीच, माझ्या हाताने लावायचा, हे तीनदा सांगितलं. शिष्येचं कौतुक, दुसरं काय. बागेत कामाला येणाऱ्या ठाकरवाडीच्या जनाला त्यांनी आठवडाभर सुट्टी दिली आहे, म्हणजे मला निवांत काम करता येईल.

९ जानेवारी

लागला! लागला दिवा!

पॅनेल दक्षिणेला तोंड करून छपरावर आवळलं. बॅटरी जमिनीची ओल लागू नये म्हणून दुधाच्या क्रेटवर ठेवली, फ्यूज बॅटरीला लगटून, वायर होईल तेवढी आखूड. सहाला सूर्य डोंगराआड गेला आणि मी बटण दाबलं. पांढरा स्वच्छ उजेड. एकटीच टाळ्या पिटत होते.

बाईंना फोटो पाठवला. लगेच फोन आला, पण बोलवेना त्यांना, नुसत्या रडत होत्या. "सुखी राहा गं," एवढंच म्हणाल्या.

झोपण्याआधी फोटो पुन्हा पाहिला. मागच्या पत्र्यावर एक सावली आहे, कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखी. खताची पोती असणार.

११ जानेवारी

पोती नाहीत.

काल सगळी बाहेर काढली. सावली तिथेच. वायरमनसारखा विचार केला. बल्ब हातात घेऊन डावीकडे नेला, तर कुदळीची सावली उजवीकडे सरकली. झारीची सरकली. माझीही. ही जागची हलली नाही. पत्र्यावर हात फिरवला, डाग नाही, ओल नाही. दिवा बंद केला की काही नाही, लावला की ती आहे.

आज संध्याकाळी ती बसलेली नव्हती. उभी होती.

१२ जानेवारी

दिवा लावला तेव्हा माझी सावली भिंतीवर होती आणि ती माझ्या सावलीच्या खांद्याला खांदा लावून. मी मागे सरले. माझी सावली सरली, तीही सरली. धावत घरात आले. बाईंना फोन लावला, उचलला नाही. सहा वेळा लावला.

१४ जानेवारी, संक्रांत

बाई तिळगूळ घेऊन आल्या. भर दुपारी बारा वाजता, छत्री नाही! फाटकापासून घरापर्यंत उन्हातून चालत आल्या आणि अंगणात थांबून स्वतःच्या पायाशी बघत राहिल्या. हात वर केला, खाली केला. लहान मुलीसारख्या हसल्या. मग माझ्याकडे वळल्या, म्हणजे माझ्या पायाशी. चटकन तोंड फिरवलं.

त्या गेल्यावर मी खाली पाहिलं. मी उभी होते आणि माझ्या पावलांपासून दोन सावल्या निघाल्या होत्या. एक माझी. दुसरीचं डोकं माझ्याकडे वळलेलं होतं.

१५ जानेवारी

जना आली. शेडवरचं पॅनेल बघून डोक्यावरची पाटीच टाकली तिने. म्हणाली, "ताई, तुला बाईनी सांगितलं नाय? हितं कोनी दिवा लावीत नाय. आत ज्यानं उजेड केला, ते त्याचं होतं. मग दुसऱ्यानं कोनी केला तरच सुटतं. तीन सालं झाली, बाईनी कंदील लावला व्हता. मी हात जोडून नको म्हनलं व्हतं."

मला सांगता येऊ नये म्हणूनच जनाला सुट्टी होती.

जना गेली नाही. दिवसभर माझ्यापासून दूर, पण माझ्यासोबत बसली.

१६ जानेवारी

कर्जतला बाईंच्या घरी गेले. सगळ्या खिडक्यांचे पडदे काढलेले, घरभर ऊन. सहा महिन्यांचा नातू सतरंजीवर. बाईंनी मला दारातच थांबवलं, सावलीत.

नाकारलं नाही त्यांनी काही. सांगत होत्या, की त्या सावलीचा हात दुसऱ्याच्या सावलीला लागला की त्या माणसाला ते लागतं. एकदा नातू उन्हात होता, आणि त्या हाताने त्याच्या सावलीचा गळा धरला. पोर निळं पडलं होतं.

मी विचारलं, मग मीच का?

"तुला नवरा नाही, मूल नाही," बाई म्हणाल्या. "मी पुष्कळ विचार करून तुझं नाव काढलं, भाग्यश्री. तुझ्या कुणाचं नुकसान होणार नाही."

इतक्या शांतपणे. पाढा समजावून सांगावा तशा.

१७ जानेवारी

पॅनेल उतरवलं. बॅटरी सोडवली, बल्ब फोडले. काही उपयोग नाही. दूर कुठेतरी जावं म्हणून खालापूरच्या स्टँडवर बस बघत उभी होते. शेजारी एक आजोबा, पिशवीत मुळ्याची जुडी. हात उठला— माझा नाही, त्या सावलीचा— त्यांच्या सावलीच्या छातीवर टेकला. आजोबा खोकत खाली बसले. लोक धावले. मी पळाले.

कुठे जाऊ? सगळीकडे ऊन आहे.

१८ जानेवारी

शेडमध्ये आहे. दार आतून लावलं, खिडकीत गोणपाट कोंबलं. अंधारात सावली नसते. दाराच्या फटीतून बोटभर उजेड येतो त्याच्या कडेला वही धरून लिहिते. हात मात्र अंधारातच ठेवते.

जना दाराबाहेर भाकरी ठेवून गेली. लांबून ओरडून सांगितलं, "बॅटरी नाय, काडी नाय, कोन काय लावनार नाय ताई. मी बघते." तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

मी कुणाला देणार नाही हे. ठरलं. मरेपर्यंत अंधारात बसेन, पण—

१९ जानेवारी, सकाळ

मोबाईलची बॅटरी संपत आलेली. काल रात्री बाईंना कळवलं होतं, शेडमध्येच राहीन, कुणाला देणार नाही. आता बाईंचा मेसेज: "तेजश्रीला पाठवते आहे. ती आत उजेड करेल, तू सुटशील. माझ्याकडून एवढं तरी."

तेजू. माझी धाकटी बहीण, तीही बाईंच्याच हाताखाली शिकलेली. महाडला दिली आहे. तिची मुलगी चार वर्षांची—

तेजूला फोन लावला. लागत नाही. घाटात असेल. पुन्हा— फोन बंद पडला.

बाई, दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा हो—

दुपार असावी

फाटक वाजलं. ताई, ताई अशा हाका. बाईंनी तिला सांगितलंय, ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय, शेडमध्ये कोंडून घेतलंय. जनाचा आवाज. जना अडवते आहे. तेजू रडते आहे.

मी दारापाशी तोंड नेऊन ओरडले, येऊ नकोस, उजेड करू नकोस, माझी शपथ आहे तुला. तेजू म्हणाली, बाई म्हणाल्याच होत्या तू असंच म्हणशील.

दार ढकलते. कडी धरून बसले आहे—

आवाज थांबला. गेली? जना नेते आहे वाटतं—

नाही. मागे. खिडकी. गोणपाट ओढते आहे, मी उठते आहे तोवर— हात आत आला, हातात मोबाईल, मी नको नको म्हणते आहे आणि तिने टॉर्च—

पांढरा उजेड.

वहीवर माझ्या हाताची सावली पडली. एकच. पाच बोटं, माझी.

बाहेर तेजू विचारते आहे, ताई, हे माझ्या मागे कोण—

आणि मला, देवा, मला हलकं वाटतं आहे. मला किती हल—