पिशवीत ठेवा

३ मार्च
दोन रेघा! माझ्याच नशिबी हे! दोन मुलं आहेत, ती मला पुरेत. ठेवायचं नाही.

४ मार्च
नवऱ्याला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला — "मग तुमच्या पिशवीतच ठेवू या की! तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय! पोटातून काढलेला गर्भ आमच्या विभागात कृत्रिम गर्भपिशवीत वाढवतात. सगळे त्या खोलीला पाळणाघर म्हणतात. तिथलं पाणी, नळ्या, गाळण्या माझ्याकडे. म्हणून घरचं आहे असं समजायचं? मला नऊ महिन्यांचा कंटाळा नाही. मला आणखी एक मूलच नकोय. कुठेतरी माझं मूल वाढतंय आणि मी इकडे भाजी निवडतेय — हे मला जमणार नाही. तो म्हणाला, "नीट विचार कर." म्हणजे आत्तापर्यंत मी झोपा काढत होते!

८ मार्च
हॉस्पिटलच्या दोन्ही फाटकांवर मोर्चे. एका फाटकावर, "ताई, तुमच्यामुळे जीव वाचतात." दुसऱ्यावर, "तुमच्यामुळे आमचा हक्क चाललाय." पत्रकं दोघांनीही हातात कोंबली. अहो, मी गाळण्या बदलते फक्त!

११ मार्च
ज्या पिशवीला भेटायला कोणी येत नाही, तिला माणसाचा आवाज ऐकवतात. गेल्या वर्षी साहेबांनी मला बसवून पेपर वाचून घेतला होता, रेकॉर्ड करायला. हवामान, बटाट्याचे भाव, हरवले-सापडले. तेच सगळीकडे लावतात. आज ऐकून स्वतःचाच राग आला. किती वैतागलेली वाटते ही बाई!

१३ मार्च
नवा नियम सोमवारपासून. गर्भपात म्हणायचं नाही, "स्थलांतर" म्हणायचं. स्थलांतर पक्षी करतात! पिशवी रिकामी असेल तर आधी विचारायचं, ठेवायचं का. बाई आणि जोडीदार, दोघांपैकी एकाचा होकार पुरे. तोंडीही चालेल. साहेबांनी समजावलं — गर्भ बाईच्या अंगात राहणारच नाही, मग हक्क दोघांचा सारखा. म्हणजे नाही म्हणायला दोघं लागतात आणि हो म्हणायला एक. वा रे सारखा!

डॉक्टरबाईंकडे सोमवारच्या आधीची तारीख मागितली. "अगं, सगळ्यांनाच आधीची हवीय." पुढच्या शुक्रवारची मिळाली.

१५ मार्च
सासूबाईंना कळलं. वाटलं, आता माझी खैर नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्हाला कोणी विचारत नव्हतं गं. विचारलं असतं तर हा झाला नसता." हा म्हणजे माझा नवरा, समोरच जेवत होता! त्याचा घास हातातच राहिला. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या मात्र हसल्या नाहीत.

१८ मार्च
कडाक्याचं भांडण. मी का नको म्हणते याचं कारण सांगितलं की तो त्यावर उपाय सांगतो. म्हणून कारणं सांगणं बंद केलं. नको म्हणजे नको. शेवटी म्हणाला, "बरं. विचारलं तर नाही म्हणेन." तोंड एवढंसं झालं होतं. त्याला खरंच हवंय. राग येतो आणि कीवही येते. पण तो शब्दाचा पक्का आहे.

२१ मार्च
झालं. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. नवरा बाहेर माझ्या कपड्यांची पिशवी घेऊन उभा होता. घरी येऊन त्याच्या खांद्यावर रडले. मोकळी झाले.

२४ मार्च
उद्यापासून कामावर. घड्याळ सापडेना. पिशवी पलंगावर उपडी केली — नाही. नवऱ्याला विचारलं.

"पिशवीतच असेल. आतून नर्स आली होती ना. 'पिशवीत ठेवायचं ना?' म्हणाली. मला वाटलं, तुझं घड्याळ आत राहिलंय. मी म्हटलं, हो हो, पिशवीतच ठेवा."

मी त्याला नर्सचे शब्द पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा तेच. तो पलंगाखाली वाकून घड्याळ शोधतोय.

२५ मार्च
सात नंबरची पिशवी रिकामी होती, ती सुरू झालीय. भेटायला कोणी आलेलं नाही म्हणून आवाज लावलाय. मी बटाट्याचे भाव वाचतेय.