ह्यांच्या डब्यातल्या गोळ्या

४ ऑक्टोबर १९८७
बदलापूरला येऊन आठवडा झाला. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, खिडकीतून डोंगर. हे असते तर त्यांचा दमा इथल्या हवेत निम्मा झाला असता. डोंगराकडच्या वाडीतून पुतळी कामाला येते. हसरी आहे. भांडी घासताना विचारते, बाई एकट्या, मग कप एवढे कशाला? दोघीही हसलो.

११ ऑक्टोबर
पुतळीचे गुडघे सुजलेत. भातकापणी तोंडावर आली आणि तिला वाकवत नाही. ह्यांच्या दम्याच्या गोळ्यांचा डबा माझ्याने टाकवला नव्हता. त्याच गोळ्यांनी त्यांचे सांधेही मोकळे व्हायचे. तिला रोज दोन द्यायला लागले. शाळेत सिस्टर सांगायच्या, दुसऱ्याचं दुखणं दिसलं की हात पुढे करावा.

२ नोव्हेंबर
कापणी उरकली. पुतळीचे गाल भरलेत. वाडीत सांगत फिरते, बाईंच्या हाताला गुण आहे. मला किती बरं वाटलं ते लिहायलाही संकोच होतो.

२३ नोव्हेंबर
तिच्या जिभेवर पांढरा थर, विरजलेल्या दुधासारखा. मी मशेरीवरून तिला बोलले, घाणेरडी सवय म्हणाले. बोटाला फडकं गुंडाळून स्वतःच थर खरवडला. खाली लालभडक, रक्त आलं. तिने हूं की चूं केलं नाही.

२४ नोव्हेंबर
थर परत आला. जास्त जाड. आता टाळ्यावरही.

२७ नोव्हेंबर
स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ही बुरशी तुमच्या-माझ्या तोंडातही असते. तोंडाचं अस्तर तिला ओळखतं, हाक देतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येऊन तिला खाऊन टाकतात. हिच्यात ती हाकच उठत नाही. दम्याच्या काही गोळ्यांनी असं होतं. घेते का काही?
पुतळीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
नाही, असं मीच म्हणाले.
घरी येऊन डबा संडासात रिकामा केला.

३० नोव्हेंबर
पुतळी आली नाही. वाडीवर गेले. ओकाऱ्या, अंग गार. थर घशात उतरलाय, पाणीही गिळवत नाही. मी कान तिच्या तोंडाशी नेला.
"बाय, गोळ्या तुमी दिल्या ते मी कुनाला नाय सांगलं."

१ डिसेंबर
डॉक्टर वाडीवर जाऊन आले. येताना माझ्याकडे थांबले. म्हणाले, असल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर माणूस हातचं जातं. काही ठाऊक असेल तर आत्ता सांगा, अजून वेळ आहे.
मी — ठाऊक नाही म्हणाले. त्यांना चहा दिला. चांगल्या कपात.

२ डिसेंबर
तोंडातून निघत नाही. म्हणून लिहून देते, हेच पान फाडून —
डॉक्टरसाहेब, पुतळीला सहा-सात आठवडे रोज दोन गोळ्या मी —
फाटकाशी तिची लेक सरू उभी आहे. हाक मारत नाही. नुसती —