उंच झालेली पिकअप आणि खचलेला भाचा

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (हल्ली ताठ उभं राहावं असं माझ्याकडे काही उरलेलंच नाही, त्यामुळे वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत.)

तुमचा खोकला कसा आहे? मामींनी तुमची बिडी बंद केल्याचं आईकडून कळलं. त्यांना माझा नमस्कार आणि तुम्हाला माझी सहानुभूती. इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर खुशाल फक्त गाडी आहे.

गाडी म्हणजे आपली पिकअप, जिच्यातून मी इतकी वर्षं लोकांची कपाटं आणि पलंग पोचवत आलो. झालं असं, की टेकडीवरच्या शाळेनं बाकांची ऑर्डर दिली. मी मापं घ्यायला वर गेलो. त्या रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे माझ्या मेव्हण्याला होतकरू म्हणण्यासारखं आहे. अर्ध्यावर एक दगड गाडीच्या पोटाला असा लागला, की इंजिनातलं सगळं तेल टेकडीला अर्पण झालं. उरलेली चढण पायी चढलो. मुख्याध्यापिका बाईंनी पाणी दिलं आणि सांगितलं, "बाकं वर्गात पोचली की पैसे. पायथ्याशी टाकून पळणारे दोन सुतार मी आधीच पाहिलेत."

घरी येऊन मी आणि बायको हिशेबाला बसलो. (कारखान्यात ती माझ्या बरोबरीनं काम करते. म्हणजे मी तिच्या निम्मं करतो.) रंधा मशीन घ्यायचं म्हणून तिनं दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. ठरलं असं, की त्यातले निम्मे घ्यायचे, लिफ्ट किट बसवून गाडी तीन इंच उचलायची, आणि बाकांचे पैसे आले की लगेच मशीन आणायचं. प्लायवूडच्या तुकड्यावर मी पेन्सिलनं अंदाजपत्रक मांडलं. त्यात एकच ओळ होती : 'लिफ्ट किट, मजुरीसह.' इतकं देखणं अंदाजपत्रक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग मी उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक. माणूस गोड, आणि हाच त्याच्यातला मोठा दोष. त्यांनी किट बसवलं, चार पावलं मागे सरकून गाडीकडे पाहिलं आणि हळहळत म्हणाले, "शेठ, पाय लांब झाले, पण बूट बाळाचेच राहिले." आता असं ऐकल्यावर कोणाला झोप लागेल? मोठे टायर घेतले. मोठे टायर वळताना मडगार्डला घासायला लागले म्हणून मडगार्ड कापले. टायरांच्या वजनानं ब्रेक लागेनात म्हणून ब्रेक बदलले. दर वेळी उस्ताद एकच वाक्य बोलायचे, "एवढं केलंच आहे तर..." मामा, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधून त्याच्याच गाडीला बांधलं पाहिजे. तुकडा भरला म्हणून मी अंदाजपत्रक अख्ख्या प्लायवूडवर नेलं. शेवटी ते एका गिऱ्हाइकाच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूनं, पोचलं. (त्यावर पॉलिश मारलंय. पण पेन्सिल दाबून लिहायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे.)

एवढ्यावर तरी थांबायचं! पण उस्तादांनी विचारलं, "वर अडकलात तर ओढणार कोण?" प्रश्न रास्त होता. म्हणून विंच घेतली, म्हणजे पोलादी दोराची चरखी. ती जुन्या बंपरला पेलेना म्हणून लोखंडी बंपर घेतला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं झालं. त्या वजनानं गाडीचं तोंड खाली गेलं. बायकोनं मापपट्टी लावली. पुढची बाजू लिफ्ट किटच्या आधी जेवढी होती बरोबर तेवढ्यावर येऊन बसली होती. मागची मात्र उचललेलीच. गाडी कायम कोणाच्या तरी पाया पडतेय असं दिसायला लागलं. ती उठवायला आणखी जाड स्प्रिंगा आल्या. मशीनच्या पैशांतले उरलेले निम्मेही टायरांपासून स्प्रिंगांपर्यंत सगळ्यांनी मिळून खाल्ले.

आता गाडी कारखान्याच्या दारातून आत येत नाही. हौदा माझ्या छातीपर्यंत येतो, त्यामुळे आधी खांद्यावर घेऊन चढवायचं बाक आता डोक्यावरून चढवावं लागतं. सासरे कौतुकानं पुढच्या सीटवर चढून बसले. उतरायचं म्हटल्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि "मी इथंच बरा आहे" म्हणाले. सासूबाईंनी ताट वरच नेऊन दिलं. जेवण झाल्यावर मी आणि मेव्हण्यानं त्यांना कपाट उतरवतो तसं उतरवलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

आणि बाकं? बाकं मुदतीत झाली, कारण बायकोनं एकेक फळी हातानं रंधली. तिच्या तळहातांना फोड आले. ती मला एक शब्द बोलली नाही. नुसता रंध्याचा खर्रर्र आवाज यायचा आणि मी दुसऱ्या टोकाला मान खाली घालून खिळे सरळ करत बसायचो. भांडली असती तर बरं झालं असतं.

बाकं भरून आम्ही दोघं निघालो. पायथ्याशी मी दात-ओठ खाऊन गियर टाकला आणि पाहतो तर काय, समोर रस्ता! काळा, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ मारलेला! उस्तादांकडे माझी गाडी अडकून पडली होती तेवढ्यात तो होऊनही गेला होता. ते रानदांडगे टायर त्या डांबरावर असे घुंघुं करत होते, की आजारी माणूस कण्हतोय असं वाटावं. मागून एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवर आले आणि हात हलवून पुढे निघून गेले. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय म्हणून मी गाडी थांबवली, तर ती हसत होती. मामा, मी रडलो.

बाईंनी पैसे दिले. त्यातून लाकूडवाल्याची बाकी भागली, आणि संपले. त्यांना उरलेल्या वर्गांसाठीही बाकं हवी आहेत, पण मशीन असेल तरच ती वेळेत होतील. आणि बायकोचे हात मी पुन्हा तसे होऊ देणार नाही. यापलीकडे मला काही सुचत नाही.

तुमचा,
जमिनीवर आलेला भाचा

ता. क. : वरचा मजकूर उद्वेगाच्या भरात लिहिला आहे, तो मनावर घेऊ नये. गाडी तशी अप्रतिम आहे. दगडाच्या खाणीवर जायला तुम्ही दणकट गाडी शोधताय असं आई म्हणाली. घरचाच माणूस म्हणून मी तुम्हाला रंधा मशीनच्या किमतीत देईन. विंच त्यातच आली.

ता. क. २ : मामा, मी तुमची भाचेसून लिहितेय. हे पत्र यांनी पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं. गाडी चढाला खरंच चांगली आहे, मी स्वतः चालवून पाहिली. हवी असेल तर जरूर घ्या. पण पैसे यांच्या हातात देऊ नका. तुमच्या घरून आमच्याकडे यायच्या वाटेवर उस्तादांचं दुकान लागतं.