मानोऱ्याचा समुद्रकिनारा

९ नोव्हेंबर, रविवार
काल आईचा जलदान विधी झाला. पाहुणे गेले. मी रडलो नाही. माझा तो स्वभाव नाही.
निश्चय: पीएच.डी. आईसाठी पूर्ण करायची. विषय ‘मानोरा तालुक्यातील कापूस वेचणीची गाणी’. नोंदणीला नऊ वर्षे झाली. आईने चाळीस वर्षे कापूस वेचला, सगळी गाणी तिला पाठ होती. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वेचणीला सावकाश लिहून घेऊ. पण काळजी नाही. लहानपणापासून कानावर आहेत. प्रकरण चार पंधरा दिवसांत.

१० नोव्हेंबर
नवी वही आणली. एका गाण्याची पहिली ओळ आठवली. ‘पांढरं बोंड म्हने...’ पुढे काय म्हणते ते आठवत नाही. दुःखात असे होते.

१३ नोव्हेंबर
बी.ए. भाग दोनचे स्वाध्याय तपासले. ‘माझ्या गावातील श्रम आणि गाणी’. सतरा जणांच्या लिखाणात मानोऱ्याला समुद्रकिनारा आहे. सगळे मोबाईलवरच्या एआयचे. म्हणूनच मी हाताने लिहिण्याची सक्ती केली होती. आता ते मोबाईलमधले हाताने उतरवतात. अक्षर सुधारले आहे, हे माझे यश. प्रत्येकी पाच छापील संदर्भही आहेत. वीसपैकी पंधराच्या खाली कुणाला दिले नाहीत.

१६ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून मोबाईल बंद.
सकाळी ९. फक्त बोलून टाइप करण्यासाठी चालू केला. ‘मले’ म्हटले की तो ‘मळे’ लिहितो. ‘येचनी’चे ‘याचना’. यंत्राला आपली भाषा समजत नाही. उच्चार सुधारून पाहिला. मग गाणेच राहिले नाही.

२० नोव्हेंबर
केवळ संशोधन म्हणून एआयला वेचणीची गाणी मागितली. लगेच बारा दिली. चौथ्या गाण्यात बाया कापूस वेचून लाटा पाहायला जातात. विद्यार्थ्यांचा समुद्र कुठून आला ते कळले. हेही संशोधनच. बाकीची अकरा ठेवली आहेत, तूर्त.
बायकोला, ज्योत्स्नाला, विचारले, आईचे एखादे गाणे आठवते का. म्हणाली, “आई गात होत्या तवा तुमी टीव्हीचा आवाज वाढवत होते.” हे खरे नाही. मी दार लावून घेत असे.

२४ नोव्हेंबर
रूपा भेटायला स्टाफरूमच्या दारात उभी. भाग दोनची, आमच्याच गल्लीत राहते. आजी गेल्या तेव्हा परीक्षेमुळे येता आले नाही म्हणाली. मग हळूच:
“सर, आजीची गाणी म्या लिवून आनली होती. तुमी चार मार्क देले.”
मी म्हणालो, कोणत्या आजीची?
“तुमच्या आईची. तुमी कालेजात असले का मी घरी येवो, मोबाईलात गानी भरून घेवो. आजी म्हने, पोराले सांगू नको, त्याले मोबाईल पाह्यला का राग येते.”
रेकॉर्डिंग कुठे आहे, विचारले. तुम्हीच शेरा लिहिला होता, म्हणाली, मोबाईलमधले काढून टाका आणि ग्रंथालयात जा. तिने काढून टाकले. दुसऱ्यांदा लिहून दिले ते समुद्रकिनाऱ्याचे. त्याला पंधरा.
तिने जाताना नमस्कार केला.

२५ नोव्हेंबर
विभागाच्या कपाटात तिचा ऑगस्टमधला स्वाध्याय सापडला. नऊ पाने, अकरा गाणी. संदर्भसूचीत एकच संदर्भ, नाव नसलेला: ‘गावातली एक आजी, वय ७८.’ त्यावर माझा शेरा: ‘संदर्भ अविश्वसनीय. भाषा अशुद्ध. मोबाईलमधले काढून टाका आणि ग्रंथालयात जा.’ मी शुद्धलेखन काटेकोर तपासतो. वाचायला वेळ कुठे असतो.
तिसऱ्या पानावर:
‘पांढरं बोंड म्हने, येच मले, येच मले
लेक येऊ दे शाळंतून, मंग येचतो तुले.’
‘येच मले’ मी दोन्हीकडे ‘वेच मला’ केले आहे. ‘येचतो’ खोडून ‘वेचते’, समासात ‘लिंग तपासा’. आपल्याकडच्या बाया येतो-जातोच म्हणतात. आई जन्मभर म्हणाली.

रात्री
लाल शाई खोडरबराने जात नाही. ब्लेडने खरवडून पाहिली, ‘लेक’ फाटला.
ज्योत्स्नाने विचारले, एवढा उशीर काय करून राह्यले. पेपर तपासतोय म्हणालो.